करंगळीवरचा प्रश्न

गेल्या वर्षभरात मला झाला नाही असा रोग नाही. दमा झाला, मधुमेह झाला, मूळव्याध तर दोनदा झाली. एका संध्याकाळी मी बावीस वर्षांचा खेळाडू होते आणि माझा गुडघा सुजला होता. दुसऱ्या दिवशी दात येणाऱ्या बाळाचा बाप झाले. हे सगळं स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, भाजी निवडता निवडता. ओट्याच्या पलीकडे माझी सून पांढरा कोट घालून उभी राहायची आणि इथल्या भाषेत मला विचारायची, काय होतंय. मी मराठीत कण्हायचे.

इथली भाषा मला येत नाही आणि या वयात ती शिकायची हौसही नाही. पण सुनेचे प्रश्न मला पाठ झाले. रोज माझ्यावर ते झाडले जायचेच, शिवाय तिनं मोबाईलवर कुठल्यातरी इथल्या बाईच्या आवाजात ते भरून ठेवले होते. कणीक मळताना तेच, भांडी घासताना तेच. मी ते बोटांवर बसवले होते. अंगठा म्हणजे औषध कोणासाठी हवंय. तर्जनी, काय त्रास होतो. मधलं बोट, कधीपासून. अनामिका, आणखी कुठली औषधं चालू आहेत. आणि करंगळी, दिवस गेलेत का, किंवा तशी काही शक्यता आहे का. हा शेवटचा अर्थात बाईमाणसाला. मी खेळाडू असले की करंगळी आपली मिटलेली.

आमचं सगळं घोडं पेंड खात होतं ते त्या करंगळीपाशी.

माझी सून तिकडे चांगली शिकलेली फार्मसिस्ट. लग्न होऊन आली तशी आमच्याच औषधाच्या दुकानात उभी राहिली. हे गेल्यावर तर सगळं दुकान तिनंच सांभाळलं. डॉक्टरांचं अक्षर तिला लागायचं, ते डॉक्टरांना स्वतःलाही लागायचं नाही. पण इथं आल्यावर कळलं की ते शिक्षण इथं शिक्षण धरतच नाहीत. आधी इथली औषध परिषद ते तपासणार. त्या परिषदेला कॉलेजातल्या एकेका विषयाचा अभ्यासक्रम हवा होता, प्रत्येक पानावर कॉलेजचा शिक्का हवा होता आणि पाकीट कॉलेजनंच बंद करून पाठवायला हवं होतं. तिकडे विचारावं, तर शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर. माझ्या भावानं त्या कॉलेजाचे इतके उंबरे झिजवले की तिथल्या लोकांना तो नवा प्राध्यापक वाटायला लागला. पाकीट पोचलं, तर एका पानावर शिक्का अर्धाच उमटलेला. पुन्हा पहिल्यापासून.

ते एकदाचं मान्य झालं. मग लेखी परीक्षा. ती तिनं पहिल्या झटक्यात काढली. आम्हाला वाटलं, सुटलो. तर पुढे उभी होती तोंडी परीक्षा, जिला मी नाटकाची परीक्षा म्हणते. एक लांब व्हरांडा, ओळीनं खोल्या. प्रत्येक खोलीत एक नट किंवा नटी रोगी होऊन बसलेली आणि कोपऱ्यात परीक्षक. घंटा झाली की आत जायचं, रोग्याशी बोलायचं, औषध द्यायचं किंवा नाकारायचं, घंटा झाली की पुढच्या खोलीत. ही परीक्षा तीनदाच देता येते. चौथ्यांदा नाही. त्यानंतर या माणसानं या देशात फार्मसिस्ट व्हायचा विषय कायमचा संपला.

सून दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी.

पहिल्या वेळी एका खोलीत कॉलेजातली एक पोर होती. मुरुमांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आलेली. गोळ्या अशा, की पोटात मूल असेल तर त्याच्यावर भयंकर परिणाम होतो. हे सुनेला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण तिनं त्या पोरीला दिवस गेलेत का हे विचारलंच नाही, आणि तिथे सगळी परीक्षा गेली. बाकीच्या खोल्यांत कितीही मार्क पडोत, ही चूक जीवघेणी धरतात. दुसऱ्या वेळी तिला प्रश्न आठवत होता, जिभेवर होता. ती म्हणाली, आणखी काही त्रास आहे का? तिला वाटलं, त्यात तेही आलं. परीक्षकाला तसं वाटलं नाही.

हे इथल्या कोणाला सांगून कळायचं नाही. आमच्या ह्यांचा दुकानात एक दंडक होता. गिऱ्हाइकाला मान खाली घालावी लागेल असं काही विचारायचं नाही. गल्ल्यावर मीच बसायचे, मला माहीत आहे. बायका यायच्या, ताकाला येऊन भांडं लपवायच्या. चिठ्ठी घडी करून सरकवायची, आम्ही वाचायची, वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालायचं आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. कुमारिकेला तर कोणी काही विचारणंच शक्य नव्हतं. मागे चार माणसं उभी, त्यातला एक तिच्या काकाचा मित्र. आणि दुकान चाललंच त्यावर. आसपासच्या पाच दुकानांत आमच्याकडे गर्दी, कारण आमच्या दुकानात कोणी काही विचारायचं नाही. सुनेनं दहा-बारा वर्षं तेच केलं होतं. जित्याची खोड.

आता ते दुकानही नव्हतं. इथं येण्यासाठी विकलं. तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात म्हणे. परतीचे दोर आम्ही आमच्याच हातांनी कापले होते. आमचं तिघांचं इथं राहणंच सुनेच्या या परवान्यावर टांगलेलं. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी असतो, तेही झोपलेला. सून एका औषधाच्या दुकानात मदतनीस. मदतनीस म्हणजे शाम्पूच्या बाटल्या नि बाळांचे लंगोट लावायचे. तिथे जमिनीवर एक पिवळी पट्टी चिकटवलेली आहे, तिच्या पलीकडे खरी औषधं. परवाना नसलेल्यानं पट्टी ओलांडायची नाही. मी एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेले तेव्हा ती पट्टीच्या अलीकडे फडकं घेऊन उभी होती. एक म्हातारा तिला गोळ्यांचं काहीतरी विचारत होता आणि ती मान हलवून आत बोट दाखवत होती. उत्तर तिला येत होतं, मला तिच्या मानेवरून कळत होतं. त्या दिवशी मी घरी येऊन उगाच सगळे डबे घासले.

तिसरी परीक्षा जवळ आली तशी घरात बोलणं कमी झालं. सून रोडावली. चहा पुढे ठेवला की बाजूला सारायची. पहाटे न्हाणीघरात नळ सोडून बसायची, बराच वेळ. मुलाला मी सांगितलं, तो म्हणाला टेन्शन आहे. पुरुषांना एक शब्द सापडला की पुढे बघायची गरज वाटत नाही.

एका संध्याकाळी मी म्हटलं, आज मी ती मुरुमवाली पोर. केसांना पिन लावली, स्टुलावर पाय हलवत बसले. एरवी ती हसली असती. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, सगळं झरझर झालं. करंगळीपाशी आली आणि थांबली. तोंड उघडलं, आवाज नाही. मी तिची सासू, साठी उलटलेली, केसांना पिन लावून बसलेली सोंगाडी, आणि तरी तिला मला ते विचारता येईना. ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

मला राग आला. तिचा नाही, कोणाचा ते तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, कोट काढ, मी उभी राहते. तू हो ती पोर.

कोट माझ्या पोटावर बसेना, तसाच घातला. ती स्टुलावर बसली. मी बोटं मोडत इथल्या भाषेत एकेक प्रश्न विचारला, माझ्या गावठी उच्चारात. ती मान खाली घालून उत्तरं देत होती. करंगळीवर आले. तो प्रश्न मी अख्खा विचारला, त्या मोबाईलमधल्या बाईसारखा.

ती म्हणाली, नाही.

आता तिनं कितीही सोंगं काढली तरी दाईपासून पोट लपत नाही, तसं सासूपासूनही लपत नाही. पहाटेचा नळ, बाजूला सारलेला चहा, आणि आता कानाच्या पाळ्या लालबुंद. मी पुन्हा विचारलं. या वेळी मराठीत, हळू.

"दोन महिने झाले," ती म्हणाली. "ह्यांनाही सांगितलेलं नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही आशा सोडून दिली होती. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण तिचा चेहरा पाहिला आणि ते तिथेच जिरवलं. ती भराभर बोलायला लागली. परीक्षा झाल्यावर वर्षभर उमेदवारी असते, दिवसभर उभं राहून, त्याशिवाय परवाना हातात पडत नाही. पोट वाढलेल्या बाईला कोण घेणार. आणि परीक्षाच गेली तर परत जायचं, कुठे, कशावर. मूल कुठल्या घरात आणायचं.

"परीक्षा होईपर्यंत ते नाहीच असं मी धरलंय," ती म्हणाली. "नंतर काय ते बघेन. तुम्ही कोणापाशी बोलायचं नाही."

बघेन म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. दंडक माझ्याही हाडीमासी मुरलेला. रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी तिच्या चहात आलं जास्त घातलं, तेवढंच.

परीक्षेच्या दिवशी मुलगा ट्रकवर होता. मी म्हटलं, मी येते. ती नको म्हणाली. बसमध्ये मी तिच्या शेजारी बसले होते, म्हणजे तिचं किती चाललं ते कळलंच. अर्ध्या वाटेत तिला ओकारी आली, ती रुमाल तोंडावर धरून बसली आणि खिडकीबाहेर बघत प्रश्न पुटपुटत राहिली.

इमारतीत शिरल्यावर एक टेबल आणि त्याच्यापुढे रांग. देशोदेशीचे औषधवाले, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. आमच्या मागे एक जाड चष्म्याचा तरुण होता. मोबाईलवर आईशी बोलत होता, हो आई, देवाला नमस्कार केला, हो, खाल्लं. म्हणजे आपल्याच भाषेतला. सुनेनं त्याच्याकडे पाठ फिरवली. इथं कोणी आपलं भेटलं की आपण हरखतो, पण त्या दिवशी तिला भिंती हव्या होत्या, माणसं नकोत.

टेबलामागची बाई प्रत्येकाचा चेहरा फोटोशी ताडून बघायची, काहीतरी विचारायची, बिल्ला द्यायची. आमची पाळी आली. तिनं फोटो पाहिला. सही घेतली. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एक प्रश्न विचारला.

माझा अंगठा आपोआप करंगळीवर गेला. तोच प्रश्न. शब्द न् शब्द तोच, कणीक मळताना शंभर वेळा ऐकलेला.

सून म्हणाली, नाही.

टेबलामागच्या बाईनं बिल्ला उचलला. मला त्या क्षणी काय झालं ते नीट सांगता येणार नाही. आत खोल्या, घंटा, कोपऱ्यात परीक्षक. हिला तिथे मळमळलं, ही बाहेर पळाली, तर ते म्हणतील खोली सोडली, नापास. आणि हिनं तर आत्ताच सांगितलं की हिला काही नाही. त्या एका प्रश्नापायी दोनदा बुडाली होती, तिसऱ्यांदा स्वतःच बुडत होती, माझ्यादेखत. आणि मागे चार माणसं उभी होती, तशीच, आमच्या दुकानातल्यासारखी.

मी टेबलावर हात ठेवला आणि मराठीत मोठ्यानं म्हणाले, "आहे. हिला दिवस गेलेत. दोन महिने."

टेबलामागच्या बाईला काही कळलं नाही. मी पोटावर हात ठेवून दाखवलं, मग सुनेकडे बोट केलं. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी तिचं लुगडं फेडलं असतं तरी बरं. मग मागचा तो चष्मेवाला पोरगा लालेलाल होऊन खाकरला आणि इथल्या भाषेत त्या बाईला सांगून टाकलं. सांगितल्यावर तो छताकडे बघत उभा राहिला.

"तुम्हाला कोणी विचारलं होतं?" सून म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

टेबलामागच्या बाईनं कपाळाला आठी घालून तिला पुन्हा विचारलं. सुनेनं मान हलवली, हो. बाईनं खणातून एक हिरवी पट्टी काढून तिच्या मनगटाला बांधली आणि काहीतरी सांगितलं. सून माझ्याकडे न बघता आत गेली. त्या पट्टीचा अर्थ चष्मेवाल्यानं मला सांगितला. बरं वाटेनासं झालं तर खोलीतून बाहेर पडता येतं, घड्याळ थांबवतात, मग पुन्हा तिथूनच सुरू. आधी सांगितलं असेल तरच, तो म्हणाला, आणि घाईनं बिल्ला घेऊन गेला.

मी बाकावर बसले. आतून घंटा ऐकू येत होत्या. प्रत्येक घंटेला मी एक बोट मिटायचे. मी देवाला काही मागितलं नाही, मला वाटलं, मागण्यासारखं तोंड राहिलेलं नाही. हात दाखवून अवलक्षण केलं होतं. पास झाली तरी ती माझ्याशी बोलणार नव्हती, आणि नापास झाली तर म्हणणार, तुम्ही माझं लक्ष उडवलंत. तेही खोटं नसतं.

मधल्या सुटीत चष्मेवाला बाहेर आला. मला टाळून पाण्याकडे निघाला होता, पण त्याला राहवलं नाही. ती एका खोलीतून तोंड दाबून बाहेर आली होती, त्यानं स्वतः पाहिलं. त्यांनी घड्याळ थांबवलं. पाणी दिलं. पुन्हा आत सोडलं. एवढं सांगून तो पळाला.

निकाल त्याच दुपारी सांगतात, एकेकाला आत बोलावून. सून आत गेली तेव्हा मी उभीच राहिले. बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. बाकावर येऊन बसली, पर्स मांडीवर घेतली.

"पास झाले," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले. रडले, चांगली हमसून रडले, लोक बघत होते. ती रडली नाही. समोरच्या भिंतीकडे बघत सांगत होती. "ती मुरुमांच्या गोळ्यांची मुलगी होती खोलीत. मी विचारलं. ती नाही म्हणाली, एकदम, पाठ केल्यासारखं. मला सकाळची मी आठवले. मग मी तिच्याकडे वाकले आणि म्हटलं, इथं रांग नाहीये, मागे कोणी नाही, मी परत विचारते. तेव्हा म्हणाली, माहीत नाही. मी गोळ्या मागे घेतल्या."

मग म्हणाली, "उमेदवारी पुढच्या वर्षी सुरू केली तरी चालते म्हणे. मी विचारलं आत."

मी मान हलवली.

"पण मला तुमचा राग आलाय अजून. जाईल असं वाटत नाही इतक्यात. मी नको सांगितलं होतं ना? मग का बोललात?"

मी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही. माझा मुलगा व्हायच्या आधीची गोष्ट, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझ्या अंगावर चट्टे उठले होते. ह्यांनी दुकानातून गोळ्या आणून दिल्या. आमच्याच दुकानातल्या. मला पाळी चुकल्याचं माहीत होतं. ह्यांनी विचारलं नाही आणि मी बोलले नाही, नवऱ्याशी तरी कसं बोलायचं असलं काही. आठवड्याभरात सगळं वाहून गेलं. त्या गोळ्यांनीच झालं की आणखी कशानं, देव जाणे. सगळ्यांना सांगितलं, पाळीचा त्रास झाला. आणि मग मी तीस वर्षं त्याच गल्ल्यावर बसले. एवढं मी तिला जेमतेम सांगितलं.

मला वाटलं, आता उठेल. तिनं पर्स बाकावर ठेवली, माझ्याकडे वळून बसली आणि स्वयंपाकघरातल्या त्या आवाजात, पण मराठीत, विचारलं, "गोळ्या कोणासाठी होत्या?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

काय त्रास होत होता, तिनं विचारलं. मी सांगितलं. कधीपासून. तेही आठवत होतं. आणखी कुठली औषधं चालू होती. काही नाही. वर्षभर मी खोटे रोग सांगत आले होते, खरा सांगताना मला शब्द जुळवावे लागत होते. तिनं घाई केली नाही.

मग तिनं माझा हात हातात घेतला.

"दिवस गेले होते का?"

"हो," मी म्हटलं. "पण मला कोणी विचारलंच नाही."